रिकाम्या चौकटींचे राखणदार

कलेच्या इतिहासात चित्रकार आणि शिल्पकार यांना अग्रपूजेचा मान मिळतो, आणि तो योग्यच आहे. त्यांच्या खालोखाल त्यांना आश्रय देणाऱ्या राजेरजवाड्यांची नावे येतात. आणि ज्या धनिकांनी लिलावात मोठाल्या रकमा मोजून चित्रे घेतली त्यांचीही नावे संगमरवरी पाट्यांवर कोरली जातात. परंतु ज्यांच्या हातांच्या काळजीमुळे तीनशे वर्षांपूर्वीचे चित्र आज आपल्या दृष्टीस पडते, त्या माणसांची आठवण सहसा कोणी काढीत नाही. त्यांनी ते चित्र काढलेले नसते. ते त्यांच्या मालकीचे नसते. ते विकण्याचा किंवा दान देण्याचा त्यांना अधिकार नसतो. धूळ झाडावी, बुरशी लागली का ते पाहावे, भिंतीची ओल तपासावी, नोंदवही घेऊन एकेक वस्तू ताडून पाहावी आणि संध्याकाळी दालनास कुलूप लावावे, एवढेच त्यांचे काम. असल्या गद्य कामास भक्ती हे मोठे नाव द्यावे की नाही, असा प्रश्न कोणास पडला तर तो अस्थानी म्हणता येणार नाही.

ह्या प्रश्नाचे उत्तर शांततेच्या काळात सापडणे कठीण आहे. पगार वेळेवर मिळत आहे, दालनात ऊब आहे, बाहेर रस्त्यावर गाड्या धावत आहेत, अशा वेळी भक्ती आणि नोकरी ह्यांतील सीमारेषा कोणास दिसणार? ती दिसण्यासाठी प्रसंगच तसा यावा लागतो. असा प्रसंग लेनिनग्राड येथील हर्मिटेज संग्रहालयातील माणसांवर १९४१ साली आला आणि सुमारे अडीच वर्षे टिकला. त्यांची हकीकत म्हणजे राखणदारीच्या धर्माची कसोटीच होय.

प्रथम ह्या संग्रहालयाचा पूर्वेतिहास थोडक्यात पाहू. कारण पुढील गोष्टीचे मर्म त्यातच आहे. नेवा नदीच्या काठी रशियाच्या झारांचा प्रचंड हिवाळी राजवाडा आहे. बर्लिनच्या गोट्झकोव्स्की नामक व्यापाऱ्याने प्रशियाच्या फ्रेडरिक राजासाठी जमविलेली, पण युद्धखर्चामुळे त्या राजास घेता न आलेली चित्रे १७६४ साली महाराणी कॅथरिन हिने विकत घेतली, आणि ह्या संग्रहाचा पाया घातला गेला. राजवाड्यालगत तिने आपल्या एकांतासाठी एक लहान वास्तू बांधविली आणि तीस फ्रेंच भाषेतील ‘संन्याशाची मठी’ ह्या अर्थाचे नाव दिले. तेच नाव पुढे साऱ्या संग्रहास चिकटले. मठी कसली, ती पुढे कुबेराचे भांडार झाली! १८५२ साली पहिल्या निकोलस झारने नवी इमारत उभारून संग्रहालय म्हणून तिचे दार लोकांस उघडले. १९१७ च्या क्रांतीनंतर राजवाडा आणि त्यातील संपत्ती राष्ट्राची झाली.

राष्ट्राची झाली म्हणजे सुरक्षित झाली असे मात्र नव्हे. नव्या सरकारला यंत्रसामग्रीसाठी परकीय चलन हवे होते, आणि १९२८ पासून पुढील पाचसहा वर्षांत ह्या भांडारातील उत्तमोत्तम रत्ने गुपचूप परदेशी विकली गेली. व्हॅन आयकचे ‘शुभवर्तमान’ गेले, रॅफेलची ‘आल्बा मॅडोना’ गेली. १९३० आणि १९३१ ह्या दोन वर्षांत अँड्र्यू मेलन ह्या एकट्या अमेरिकन धनिकाने एकवीस चित्रे उचलली; ती आज वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय चित्रशाळेत आहेत. ज्यांनी ती चित्रे वर्षानुवर्षे जपली होती त्यांनाच ती भिंतीवरून उतरवून विक्रीसाठी स्वाधीन करावी लागली. त्या काळी तेथे विरोधाचा शब्द काढणे म्हणजे स्वतःच्या मानेवर सुरी ठेवण्यासारखे होते. तरीही पौर्वात्य विभागाचे प्रमुख योसिफ ऑर्बेली ह्यांनी १९३२ साली प्रत्यक्ष स्टालिनला पत्र लिहिले. प्राचीन इराणच्या सासानी राजवटीतील रुप्याची भांडी विक्रीवाल्यांच्या तावडीतून वाचवावीत, अशी त्यांची विनंती होती. उत्तर अनुकूल आले आणि पौर्वात्य विभाग वाचला. दोन वर्षांनी हेच ऑर्बेली संग्रहालयाचे संचालक झाले.

ही घटना मुद्दाम सांगितली. महाराणीने चित्रे विकत घेतली, क्रांतीने ती ताब्यात घेतली, सरकारने ती विकली. मालक बदलत गेले आणि प्रत्येक मालकाने आपल्या गरजेप्रमाणे त्या वस्तूंचा उपयोग केला. ह्या सर्व उलथापालथीत वस्तूशी ज्याचे नाते बदलले नाही असा एकच मनुष्य होता, आणि तो म्हणजे तिचा राखणदार. शाकुंतलातील कण्वमुनींस कन्या सासरी धाडल्यावर, दुसऱ्याची ठेव परत केल्याचे समाधान वाटते. संग्रहालयातील राखणदाराची वृत्ती काहीशी तशीच असते. फरक इतकाच की, ठेव परत करण्याचा दिवस त्याच्या हयातीत येत नाही. ती पुढच्या राखणदाराच्या हाती द्यावयाची आणि आपण निघून जावयाचे.

२२ जून १९४१ हा रविवार होता. त्या दिवशी पहाटे जर्मनीने सोव्हिएट रशियावर आक्रमण केले आणि दुपारी ती बातमी आकाशवाणीवरून लोकांस कळली. ऑर्बेलींनी त्याच दिवशी सर्वांत मौल्यवान चित्रे उतरविण्यास आरंभ केला. सुदैवाने हे काम अंधारात चाचपडत करावे लागले नाही. युरोपात युद्धाचे ढग जमू लागले तेव्हापासूनच ऑर्बेलींनी पेट्या तयार करून ठेवल्या होत्या. कोणत्या पेटीत कोणती वस्तू जावयाची ह्याच्या याद्याही झाल्या होत्या. युद्ध होईल असे उघडपणे बोलणे ज्या काळी धोक्याचे होते, त्या काळी सुतारांकडून शेकडो पेट्या करवून घेणारा मनुष्य भित्रा ठरण्याचा संभव होता. परंतु चांगल्या राखणदाराला थोडे भित्रे असावेच लागते. सगळे काही सुरळीत चालले असताना आग, पूर आणि चोर ह्यांची स्वप्ने पाहणे हा त्याच्या व्यवसायाचाच भाग आहे.

त्यानंतरचे दिवस आणि रात्री एकच झाल्या. संग्रहालयातील विद्वान, पहारेकरी, कलाशाळेतील विद्यार्थी, चिनी मातीच्या कारखान्यातील भांडी बांधण्यात तरबेज असलेले कामगार असे सगळे मिळून पेट्या भरू लागले. लहान चित्रे चौकटीतून काढून, मऊ अस्तर लावलेल्या कप्प्यांत उभी ठेवावयाची. मोठ्या चित्रांचे कापड लाकडी ताणावरून सोडवून जाड रुळांवर गुंडाळावयाचे. रेम्ब्रांटच्या ‘उधळ्या पुत्राचे पुनरागमन’ ह्या विशाल चित्रासाठी मात्र स्वतंत्र पेटी करण्यात आली. त्याचा जुना रंग गुंडाळण्याचा ताण सोसणार नाही ही भीती होती. दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी शक लोकांसाठी घडविलेल्या चेर्तोम्लिक येथील रुप्याच्या कलशाच्या पोटात बुचाच्या झाडाचा भुगा हळूहळू भरण्यात आला, कारण तो आतून पोकळ राहिला असता तर धक्क्याने चेपला असता. तासन्तास पेट्यांवर वाकून राहिल्याने कित्येकांच्या नाकातून रक्त येई. ते थोडा वेळ आडवे होत आणि पुन्हा कामास लागत.

१ जुलै रोजी पहिली आगगाडी निघाली. तीत सुमारे पाच लाख वस्तू होत्या. विमानांवर मारा करणाऱ्या तोफा तिच्या सोबतीस होत्या, आणि ती कोठे चालली आहे हे अगदी मोजक्या लोकांस ठाऊक होते. फलाटावर ऑर्बेली डोक्यावरची टोपी काढून गाडी दिसेनाशी होईपर्यंत उभे होते. २० जुलैस सुमारे सात लाख वस्तू घेऊन दुसरी गाडी गेली. दोन्ही गाड्या मिळून अकरा लाखांहून अधिक वस्तू उरल पर्वताजवळील स्वेर्दलोव्हस्क शहरात पोहोचल्या. त्यांना जागा मिळाली ती तेथील चित्रशाळेत, एका कॅथलिक चर्चमध्ये आणि इपातिएव्ह नावाच्या अभियंत्याच्या घरात. हे घर साधे नव्हे. शेवटचा झार निकोलस, त्याची पत्नी आणि मुले ह्यांना १९१८ साली ह्याच घराच्या तळघरात गोळ्या घालून ठार करण्यात आले होते. ज्यांच्या वाडवडिलांनी हा संग्रह जमविला त्यांच्या मृत्युस्थानी तो सुरक्षित राहावा, हा इतिहासाचा खेळ विलक्षणच म्हणावा लागेल. तेथे व्लादिमीर लेव्हिन्सन-लेसिंग हे पाश्चात्त्य चित्रकलेचे जाणकार आणि त्यांचे मूठभर सहकारी ह्यांनी ह्या पेट्या चार वर्षे सांभाळल्या.

तिसरी गाडी भरली जात होती. परंतु ऑगस्टच्या अखेरीस जर्मन सैन्याने लोहमार्ग तोडला आणि बांधलेल्या पेट्या संग्रहालयातच अडकल्या. ८ सप्टेंबर १९४१ रोजी शहराचा वेढा पुरा झाला. तो पूर्णपणे उठला २७ जानेवारी १९४४ रोजी. ह्या काळात शहरात जे घडले ते शब्दांत मावणारे नाही. २० नोव्हेंबरपासून २५ डिसेंबरपर्यंत कारकून, आश्रित आणि मुले ह्यांस दिवसाकाठी १२५ ग्रॅम पाव मिळे, आणि त्यातही पीठ कमी आणि भेसळ फार. नुरेम्बर्गच्या न्यायासनापुढे ह्या वेढ्यातील मृतांचा आकडा ६,३२,००० असा मांडला गेला. नंतरच्या अभ्यासकांनी तो आठ लाखांवर आणि काहींनी दहा लाखांपर्यंत नेला आहे.

राजवाड्याची तळघरे जाड कमानींची आणि भक्कम असल्यामुळे तेथे बारा आश्रयस्थाने करण्यात आली, आणि त्या शरद ऋतूत सुमारे दोन हजार माणसे तेथे राहू लागली. संग्रहालयातील नोकर, त्यांची बायकामुले, शहरातील विद्वान, चित्रकार असे सगळे फळ्यांच्या बिछान्यांवर दाटीने झोपत. सरकारी वीज गेली तेव्हा नदीत नांगर टाकून उभ्या असलेल्या ‘ध्रुवतारा’ ह्या अर्थाच्या नावाच्या जहाजातून तार ओढून काही खोल्यांत उजेड आणण्यात आला. चित्रांच्या दुरुस्तीसाठी साठविलेले जवसाचे तेल आणि सुतारकामाचा सरस हे ह्या लोकांचे अन्न झाले. सरस उकळून त्याची खीर करीत. चित्रांसाठी आणलेल्या वस्तूंनी चित्रांच्या राखणदारांना जगविले. सर्वांना मात्र जगविता आले नाही. थंडी वाढली तसे तळघराच्या एका भागात रुग्णालय उघडावे लागले आणि दुसऱ्या भागात प्रेते ठेवावी लागली.

ह्या अवस्थेतही रोजची कामे थांबली नाहीत. हवाई हल्ल्याचा भोंगा वाजला की इतर लोक तळघरात उतरत, आणि संग्रहालयातील माणसे छपराकडे व दालनांकडे धावत. पेटते बाँब विझविण्यासाठी माळ्यावर आणि दालनांत वाळूचे ढीग रचलेले होते. ती वाळू ह्याच लोकांनी वाहून नेली होती. दालनांच्या पहाऱ्यावर बहुतांशी वृद्ध स्त्रिया होत्या. पूर्वी खुर्चीवर बसून, चित्रास हात लावणाऱ्या पोरांना दटावणाऱ्या ह्या आज्या आता खिडक्यांच्या फुटक्या काचांतून आत आलेले बर्फ काढीत, छपरातून गळणारे पाणी घमेल्यांत धरीत. त्यांच्यापैकी कित्येक त्या हिवाळ्यात मरण पावल्या. त्यांची नावे कोणत्याही कलेतिहासात नाहीत.

उरार्तू ह्या प्राचीन राज्याच्या संशोधनामुळे पुढे ख्याती पावलेले बोरिस पिओत्रोव्हस्की हे त्या वेळी अग्निशामक पथकात होते. रात्रीच्या पहाऱ्यात ते आणि त्यांचे सोबती विद्वान आपापल्या विषयातील न लिहिलेले ज्ञान एकमेकांस सांगत. एकाला आरमेनियातील उत्खननांचे ज्ञान, दुसऱ्यास सेमिटिक भाषांचे. आपण मेलो तर आपल्या डोक्यातील हे सारे आपल्याबरोबर नष्ट होईल ही त्यांची चिंता होती. दोघांपैकी एक जरी वाचला तरी दोघांचेही ज्ञान उरेल असा त्यांचा हिशेब होता. ज्ञान हीदेखील एक ठेवच आहे, आणि तीही कोणाच्या तरी हाती सोपवावयाची असते, ही राखणदाराची दृष्टी त्यांच्या अंगी किती मुरली होती हे ह्यावरून दिसते. पिओत्रोव्हस्की वाचले, उरार्तूवरील त्यांचा ग्रंथ १९४४ साली प्रसिद्ध झाला.

ह्याच काळात संग्रहालयात दोन समारंभ झाले. १९ ऑक्टोबर १९४१ रोजी निजामी ह्या फारसी महाकवीची आठशेवी जयंती साजरी झाली. ह्याच निजामीच्या ‘खम्सा’ची सचित्र प्रत अकबराच्या दरबारात तयार झाली होती, हे वाचकांस ठाऊक असेल. काही वक्ते आघाडीवरून काही तासांची रजा घेऊन आले होते. १० डिसेंबर रोजी, म्हणजे उपासमार ऐन भरात असताना, मध्य आशियातील कवी नवाई ह्याची पाचशेवी जयंती झाली. निकोलाय लेबेदेव ह्या तरुण पंडिताने नवाईच्या काव्याचे आपले भाषांतर वाचले. त्यास उभे राहण्याची शक्ती नव्हती. काही दिवसांतच तो अंथरुणास खिळला आणि मरण पावला. त्या समारंभासाठी एका कलावंताने चिनी मातीच्या भांड्यांवर नवाईच्या काव्यातील प्रसंग रंगविले आणि जहाजावरून आलेल्या विजेवर ती भांडी भाजून काढली. जेथे भाकरी भाजण्यास सरपण नाही तेथे पेला भाजावा, हे कोणास वेड वाटेल. पण शहर मेलेले नाही हे स्वतःस पटविण्याचा त्यांना दुसरा मार्ग उरला नव्हता.

आता ज्या गोष्टीवरून ह्या लेखास नाव दिले तिच्याकडे वळू. चित्रे बांधताना ऑर्बेलींनी आज्ञा केली होती की, भिंतीवरील चौकटी उतरवू नयेत. चित्रे लवकरच परत येतील आणि आली की आपापल्या जागी तत्काळ बसविता यावीत, हा त्यातील साधा व्यावहारिक हेतू. त्यामुळे वेढ्याच्या काळात सोनेरी चौकटींच्या रांगाच्या रांगा रिकाम्या भिंतींवर लटकत होत्या. त्या काळची छायाचित्रे आजही पाहणाऱ्यास सुन्न करतात. १९४२ च्या वसंत ऋतूत सायबेरियाकडील काही तरुण सैनिक विद्यार्थी संग्रहालयातील भिजलेले जुने सामान हलविण्यासाठी मदतीस आले. काम संपल्यावर त्यांचे आभार कसे मानावे हा प्रश्न होता, कारण देण्यासारखे संग्रहालयापाशी काहीच नव्हते. तेव्हा पावेल गुबचेव्हस्की हे मार्गदर्शक, जे वेढ्यात पहारेकऱ्यांचे प्रमुखही होते, त्यांना दालनांतून घेऊन निघाले. प्रत्येक रिकाम्या चौकटीपुढे उभे राहून तेथे कोणते चित्र होते, त्यात कोण कोठे उभे आहे, प्रकाश कोणत्या बाजूने येतो, चेहऱ्यावर कोणता भाव आहे, हे सर्व त्यांनी वर्णन करून सांगितले. ज्या मुलांनी आयुष्यात कधी संग्रहालय पाहिले नव्हते ती त्या रिकाम्या लाकडी चौकटींपुढे स्तब्ध उभी राहून ऐकत होती.

ह्या प्रसंगास चमत्काराचे स्वरूप देण्याचा मोह होतो. वास्तविक त्यात चमत्कार काहीच नाही. ज्याने वीस-पंचवीस वेळा एखादे चित्र पाहिले तो त्याचा विषय सांगू शकेल. परंतु ज्याने ते हजारो वेळा पाहिले, सकाळच्या आणि संध्याकाळच्या उजेडात पाहिले, कोपऱ्यातील रंगाला गेलेला केसाएवढा तडादेखील ज्याच्या ओळखीचा आहे, त्याच्या मनात त्या चित्राची दुसरी प्रत तयार झालेली असते. रोजच्या नीरस फेऱ्यांनी ती प्रत घडविली. प्रेमाने काळजी उत्पन्न होते असे आपण म्हणतो. राखणदारांच्या बाबतीत पुष्कळदा काळजीतून प्रेम उत्पन्न होते. ज्याची आपण दररोज शुश्रूषा करतो तो परका असला तरी आपला होतो, हा अनुभव कोणत्या कुटुंबास नाही?

त्या वसंतात आणखी एक संकट आले. तळघरात वाळूत पुरून ठेवलेली चिनी मातीची भांडी फुटलेल्या नळांच्या पाण्यात बुडाली. अंधारात, थंडगार पाण्यात उतरून, पाऊल कशावर पडेल ह्याची धास्ती बाळगीत, संग्रहपाल स्त्रियांनी एकेक भांडे हातांनी चाचपून वर काढले. भांड्यांवर चिकटविलेले क्रमांक सुटून गेले होते. ते पुन्हा नोंदवहीशी जुळवीत बसावे लागले. ऊन पडू लागले तेव्हा बुरशी आलेल्या राजेशाही खुर्च्या आणि कोच अंगणात वाळत घातले गेले. राजवाड्याच्या पहिल्या मजल्यावरील प्रसिद्ध झुलत्या बागेत त्या वर्षी कोबी आणि बीट लावण्यात आले. मार्चच्या अखेरीस ऑर्बेलींना शहराबाहेर, आरमेनियात पाठविण्यात आले होते. मागे राहिलेल्या मूठभर लोकांची आणि वास्तूची जबाबदारी रेखाचित्रांचे अभ्यासक मिखाइल दोब्रोक्लोन्स्की ह्यांनी उचलली.

येथे एक आक्षेप येतो आणि तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. ज्या डब्यांतून रुप्याचे कलश गेले त्यांतून मुले का गेली नाहीत? चित्र गेले तर जग थोडे दरिद्री होते. मूल गेले तर आईचे जग संपते. मग ह्या भक्तीचे कौतुक किती करावे? ह्याचे उत्तर अंशतः देता येते. जुलै महिन्यात वेढा पडेल अशी कल्पना शहरात फारच थोड्यांस होती. पुष्कळ मुलांना तर चुकीच्या दिशेने, येणाऱ्या शत्रूच्या तोंडीच धाडण्यात आले. हा दोष राज्यकर्त्यांच्या नियोजनाचा होता, पेट्या बांधणाऱ्यांचा नव्हे. संग्रहालयातील माणसांनी चित्रे पाठविली आणि आपण मागे राहिले. ज्या तळघरात मूर्ती लपविल्या त्याच तळघरात त्यांनी दोन हजार माणसांना जागा दिली. माणूस की चित्र अशी निवड त्यांनी केली नाही. जे जे हाती सोपविले होते ते ते त्यांनी सांभाळले. तथापि एवढ्याने आक्षेप पुरा मिटतो असे मी म्हणणार नाही. ज्या राज्यात वस्तूंच्या याद्या तयार असतात आणि मुलांच्या नसतात, त्या राज्याने राखणदारीची विद्या अर्धीच शिकली असे म्हणावे लागेल. उरलेली अर्धी विद्या शिकण्यासाठी त्याने आपल्याच संग्रहालयाकडे पाहावयास हवे होते.

वेढा उठल्यावर, राजवाड्यात मागे राहिलेल्या वस्तूंचे एक तात्पुरते प्रदर्शन नोव्हेंबर १९४४ मध्ये उघडण्यात आले. ऑक्टोबर १९४५ मध्ये स्वेर्दलोव्हस्कहून गाड्या परत आल्या. चौकटी जागच्या जागी असल्यामुळे चित्रे भराभर चढली आणि नोव्हेंबरातच मुख्य दालनांचे दार लोकांस उघडले. पुढे २२ फेब्रुवारी १९४६ रोजी ऑर्बेली नुरेम्बर्गच्या न्यायासनापुढे साक्षीस उभे राहिले. गोळे संग्रहालयावर मुद्दाम टाकले की जवळच्या पुलावर टाकताना चुकून पडले, हे आपणास कसे कळले, आपण तोफखान्याचे तज्ज्ञ आहात काय, असे आरोपींच्या वकिलाने विचारले. आपण तज्ज्ञ नाही हे ऑर्बेलींनी कबूल केले. परंतु पुलावर एक गोळा पडला आणि संग्रहालयावर तीस, एवढा हिशेब आपल्यालाही कळतो, असे त्यांनी सांगितले. आयुष्यभर वस्तू मोजणारा मनुष्य गोळेही मोजून ठेवतो. त्याची मोजणी शेवटी न्यायाच्या कामी आली.

येथे थांबलो असतो तर गोष्ट फारच गोड झाली असती. पण इतिहास गोष्टीच्या सोयीने थांबत नाही. युद्धाच्या अखेरीस जर्मनीतून आणलेली कित्येक चित्रे ह्याच संग्रहालयाच्या कोठारात ठेवण्यात आली, आणि सुमारे पन्नास वर्षे त्यांच्या अस्तित्वाविषयी मौन पाळण्यात आले. त्यांत देगाचे ‘प्लास द ला काँकोर्द’ हे चित्र होते; ते नष्ट झाले अशीच जगाची समजूत होती. १९९५ साली ती चित्रे प्रथम लोकांपुढे आली तेव्हा ती उत्तम स्थितीत होती. मालकी कोणाची ह्याचा वाद अद्याप मिटलेला नाही. राखणदारांना बोलण्याची मुभा नव्हती, आणि ते बोलले नाहीत. मात्र परक्यांची चित्रे त्यांनी आपल्या चित्रांइतक्याच काळजीने जपली. ह्या मौनास दोष द्यावा आणि काळजीची स्तुती करावी. दोन्ही एकाच वेळी खरी आहेत.

दुसरी घटना १९८५ ची. वेढ्याच्या काळात स्वेर्दलोव्हस्कला जाऊन सुखरूप परतलेल्या रेम्ब्रांटच्या ‘दानाए’ ह्या चित्रावर १५ जून रोजी एका प्रेक्षकाने सुरीने वार केले आणि तेजाब फेकले. तोफांनी जे साधले नाही ते एका माथेफिरूने काही क्षणांत केले. चित्रावरून काळसर रंग ओघळू लागला. दुरुस्ती करणाऱ्यांनी पाण्याने धुऊन तेजाब थांबविले आणि मग बारा वर्षे त्या एका चित्रावर काम केले. १९९७ साली ते पुन्हा दालनात आले. रेम्ब्रांटचे सगळेच रंग परत आणता आले नाहीत, आणि ते आणल्याचा आव त्यांनी आणला नाही. आपल्या कुंचल्याने मूळ चित्रकाराची जागा घ्यावयाची नाही, हा संयम त्यांच्या विद्येचा कळस होय.

आणि तिसरी घटना सर्वांत कटू. २००६ साली नोंदी ताडून पाहताना ह्याच संग्रहालयातील २२१ वस्तू नाहीशा झाल्याचे उघडकीस आले, आणि त्यात आतल्याच हातांचा भाग होता हे न्यायालयात सिद्ध झाले. ज्या वास्तूत भुकेने मरणाऱ्या माणसांनी सोन्यारुप्याच्या राशींजवळ रात्री काढल्या, तेथेच सुखाच्या दिवसांत हे घडले. त्यामुळे पूर्वीच्यांची थोरवी कमी होत नाही. उलट ती नीट मापता येते. राखणदारी ही वास्तूचा किंवा पदाचा गुण नव्हे. ती वारशाने आपोआप येत नाही. प्रत्येक पिढीतील प्रत्येक माणसास ती नव्याने, स्वतःच्या मनाशी, कोणी पाहत नसताना स्वीकारावी लागते. आणि ती टिकली की नाही हे शेवटी त्याच नीरस नोंदवहीवरून कळते.

आरंभी विचारलेल्या प्रश्नाकडे आता वळता येईल. धूळ झाडणे आणि यादी ताडणे ह्यास भक्ती म्हणावे काय? ज्या भक्तीत मागणे असते तीस आपले संत कमी प्रतीची मानीत आले आहेत. संग्रहालयातील राखणदार त्या चित्रापासून कीर्ती मागत नाही, मालकी मागत नाही, आणि पुष्कळदा त्याची थोरवी इतरांस सांगण्याची संधीही त्यास मिळत नाही. आपण जेव्हा एखाद्या संग्रहालयात जातो तेव्हा दाराजवळच्या लाकडी स्टुलावर बसलेल्या माणसाकडे पाहत नाही, कारण आपण चित्रे पाहण्यास गेलेलो असतो. ते स्वाभाविकच आहे. पण परतताना त्यास एखादा प्रश्न विचारून पाहावा: ह्या दालनातील कोणती वस्तू आपण सर्वांत अधिक जपता? पुष्कळ वेळा उत्तर अनपेक्षित मिळेल. ज्या चित्रापुढे गर्दी असते ते तो दाखविणार नाही. कोपऱ्यातील एखादी लहानशी, चिरा गेलेली, पावसाळ्यात ओल धरणारी वस्तू तो दाखवील, आणि तिची प्रकृती सध्या कशी आहे हेही सांगेल.